जुन्या बोलेरोचा हीटर गार हवा देतो: डॅशबोर्ड खोलण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका गृहस्थांनी २००८ सालची, १ लाख ६० हजार किलोमीटर चाललेली बोलेरो घेतली. ऑक्टोबरच्या शेवटी आईवडिलांना घेऊन शिमला, रामपूर, नाको, ताबो या रस्त्याने हिमाचलमधल्या काझाला जायचं आहे. ब्लोअर जोरात चालतो, पण नॉब पूर्ण लालवर फिरवला तरी हवा गारच येते. तापमानाचा काटा हायवेवर पाव भागाच्या वर सरकत नाही. एका गॅरेजने सांगितलं की हीटर कॉइल गेली, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. दुसऱ्याने ‘नाशकात हीटर कशाला हवा?’ म्हणून परत पाठवलं. आता काय करावं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात: काटा पाव भागाच्या वर सरकत नाही. कामाला तिथूनच सुरुवात करा. डॅशबोर्डला अजून कुणाला हात लावू देऊ नका.

या गाड्यांचा हीटर स्वतः काहीच तापवत नाही. इंजिनात फिरून तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दोन हौज पाइपांतून मागे येतं, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत शिरतं आणि डॅशबोर्डच्या पोटात बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरून परत जातं. हा छोटा रेडिएटर म्हणजेच आपण जिला हीटर कॉइल म्हणतो ती. ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो आणि ती हवा तुमच्या पायांवर, काचेवर येते. म्हणजे केबिनमध्ये जी ऊब येते ती इंजिनाची उरलेली गरमी. इंजिनच कोमट असेल तर नवीकोरी कॉइल बसवूनही हवा कोमटच येणार.

हे मी पैसे घालवून शिकलो. गॅरेज टाकल्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एक सुमो आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. मी दोन दिवस डॅशबोर्ड खोलून कॉइल बदलली. सगळं परत जोडलं, गाडी चालवली, हवा तशीच. मग थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेचं, घर उघडलं, तर आत काहीच नव्हतं. कुणीतरी आधीच थर्मोस्टॅट काढून रिकामं घर बोल्ट आवळून बंद केलं होतं. गिऱ्हाइकाची मजुरी मी परत केली. त्या दिवसापासून हीटरची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीचा काटा मी आधी बघतो.

आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय फार जुनी आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की रस्त्याकडेचा मिस्त्री तो काढतो आणि सांगतो, ‘आता गाडी थंड राहील.’ गाडी थंड राहतेही. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिनाला ठरलेल्या तापमानापर्यंत लवकर नेऊन तिथे टिकवणं हे आहे. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. त्याआधी तो मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो नसला की थंड सकाळीसुद्धा सगळं कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी पुरतं तापतच नाही. डिझेल इंजिन मुळात कमी गरमी वाया घालवतं, त्यामुळे त्याला हा फटका जास्त बसतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये जमणारी पाण्याची वाफ उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं, सिलिंडरची झीज वाढते. तुम्ही काझाला गेला नसतात तरी मी तुम्हाला हे काम करायलाच सांगितलं असतं.

घरच्या घरी तपासायची रीत सोपी आहे. सकाळी गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार असताना सुरू करा. बॉनेट उघडा आणि इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाणारा जाड हौज पाइप अधूनमधून हाताने चाचपा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग मिनिटाभरात एकदम चटका बसेल इतका तापतो. सुरुवातीपासून हळूहळू, सरसकट कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. तुमच्या काट्यावरून माझा अंदाज यातलंच काहीतरी निघेल असा आहे. मात्र पाइप झटक्यात तापला आणि काटा तरीही खालीच राहिला, तर काट्याचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासायची; मग इंजिन ठीक आहे आणि पुढचा शोध हीटरकडे न्यायचा.

घर उघडून आत थर्मोस्टॅट सापडला, तर फेकण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर ठेवा आणि गॅसवर पाणी तापवा. गार असतानाच उघडा दिसला तर विषय संपला. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागून पाणी निवल्यावर पूर्ण मिटला तर तो चांगला आहे. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, कूलंट विषारी असतं. नवा घेताना तुमच्या इंजिनाच्या आकड्याचाच घ्या. ‘आपल्याकडे ऊन जास्त, कमी अंशाचा टाका’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्याच्या कडेला एक बारीक भोक किंवा हलणारी पिन असते, ती बाजू वर येईल असा बसवा म्हणजे अडकलेली हवा तिथून निघून जाते. गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसणारी गळती रोखणारी पट्टी, नवं घाला.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट उगाच काढला नसणार. बहुतेक ही गाडी कधीतरी घाटात तापली असेल. रेडिएटर आतून क्षाराने चोंदला असेल, फॅन नीट ओढत नसेल, रेडिएटरच्या कॅपचं रबर गेलं असेल. खरा आजार तसाच राहिला आणि थर्मोस्टॅट काढल्यामुळे झाकला गेला. तुम्ही थर्मोस्टॅट परत बसवाल तेव्हा तो जुना आजार डोकं वर काढू शकतो, आणि तो काझाच्या चढावर निघण्यापेक्षा नाशिकजवळ निघालेला बरा. म्हणून बसवल्यावर पहिली परीक्षा कसारा घाटात घ्या. खाली उतरा, गाडीत चार माणसं बसवा आणि दुपारच्या उन्हात घाट चढून इगतपुरीला या. काटा मध्याच्या आसपास जाऊन तिथेच थांबला तर जिंकलात. मध्याच्या वर चढत राहिला तर बाजूला थांबून इंजिन गार होऊ द्या. रेडिएटर साफ करून घेणं, फॅन, बेल्ट आणि कॅप तपासणं हे पुढचं काम. गरम इंजिनाची रेडिएटर कॅप कधीही उघडायची नाही. माझ्या एका कारागिराचा हात त्याने भाजला होता आणि तो डाग अजून आहे.

काटा मध्यावर आला की बरेचदा हीटरही आपोआप सुरू होतो. नाही झाला तर मग दोन बारीक हौज पाइपांकडे या. केबिनच्या पत्र्यातून आत जाणाऱ्या या दोन पाइपांवर हात ठेवला की निम्मं निदान तिथेच होतं. इंजिन पूर्ण तापलेलं, नॉब पूर्ण लालवर, ब्लोअर मधल्या वेगावर ठेवा. चटका बसू शकतो म्हणून फडकं घ्या.

पण हात लावण्याआधी नुसतं बघा. कित्येक सेकंड हँड गाड्यांत हे पाइप हीटरपर्यंत जातच नाहीत. इंजिनावरच्या दोन तोंडांना एकाच पाइपचा तुकडा इंग्रजी यू आकारात जोडलेला असतो आणि पत्र्यातून बाहेर आलेल्या कॉइलच्या दोन नळ्या उघड्या, धूळ खात असतात. कॉइल गळायला लागली की डॅशबोर्ड खोलण्याचा त्रास वाचवायला हा लूप मारतात. महाराष्ट्रात गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही, कारण हीटर वर्षानुवर्षं कुणी लावतच नाही. असा लूप दिसला तर पाइप लगेच जोडू नका. आधी कॉइल गळते का ते बघा: एका नळीला घट्ट बूच मारा, दुसरीतून पाणी भरा आणि सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्या. दाब टिकला तर कॉइल वापरता येईल. पायाशी पाणी ठिबकलं तर त्या पहिल्या गॅरेजचं म्हणणं खरं ठरतं आणि डॅशबोर्ड खोलावाच लागेल. तांब्या-पितळेची कॉइल असेल तर चांगला रेडिएटरवाला डाग देऊन देतो. ॲल्युमिनियमची असेल, वर प्लास्टिकची टाकी असेल, तर बदललेली बरी.

लूप नसेल आणि दोन्ही पाइप सारखेच कडक गरम लागले तर कॉइल बिचारी तिचं काम करते आहे. गडबड हवेच्या वाटेत आहे. आत एक झडप असते, ती हवेला कॉइलवरून न्यायचं की बाजूने काढायचं ते ठरवते. जुन्या गाड्यांत ही झडप नॉबपासून केबलने ओढली जाते. केबलची क्लिप निसटली की नॉब फिरतो, झडप हलत नाही. नॉब निळ्यापासून लालपर्यंत झपकन फिरवून कान द्या, आत झडप आपटल्याचा ‘थप्’ आवाज आला पाहिजे. नॉब अगदी सैल, वजन नसल्यासारखा फिरत असेल तर केबल सुटलीच समजा. मी उघडलेल्या गाड्यांत ही क्लिप बहुतेक वेळा म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्याच्या हाताने सुटलेली असते. तो डेक बसवताना मागे हात घालतो आणि त्याला कळतही नाही. काम अर्ध्या तासाचं आहे. तुमच्या गाडीत नंतरचा डेक बसवलेला असेल तर आधी हीच शंका घ्या.

एक पाइप कडक गरम आणि दुसरा जेमतेम कोमट, म्हणजे कॉइल आतून चोंदली आहे. याचं कारण आपल्या पाण्यात आहे. कूलंट महाग वाटतं म्हणून लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार गरम झाल्यावर नळ्यांच्या आत थर धरतात, गिझरमध्ये धरतात तसेच, आणि हीटर कॉइलच्या नळ्या सगळ्यात बारीक असल्यामुळे त्या सगळ्यात आधी भरतात. दुसरं कारण हळद. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायचा जुना उपाय अजून चालतो, आणि गळती काही दिवस थांबतेही, कारण हळद फुगून भोकात बसते. ती भोकातच बसेल असं मात्र नाही. एका मास्तरांच्या गाडीची कॉइल उलटी धुतली तेव्हा पहिली बादली पिवळ्या गाळाने भरली होती. गळती बंद करायची पावडर किंवा बाटलीतलं औषध मिळतं, त्याचंही तेच होतं. तुमच्या गाडीत ते टाकू नका, आणि आधी कुणी टाकलं असेल तर पाणी काढताना रंगावरून कळेल.

चोंदलेली कॉइल डॅशबोर्ड न खोलता धुता येते. इंजिन गार असताना दोन्ही पाइप इंजिनाच्या बाजूने सोडा. जुने पाइप नळीला चिकटलेले असतात, ते ओढू नका. कॉइलची नळी वाकली किंवा तडकली तर साध्या कामाचं मोठं काम होतं. पाइप उभा चिरून काढा आणि नवा घाला. मग ज्या नळीतून पाणी बाहेर येतं तिथून बागेच्या पाइपने हलक्या दाबाने उलटं पाणी सोडा. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप कॉइलला लावू नका, जुने सांधे तो दाब झेलत नाहीत. स्वच्छ पाणी यायला लागलं की लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवून कॉइलमध्ये भरा, अर्धा तास ठेवा आणि पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने धुऊन काढा. गरज पडली तर दोनदा करा. संडास धुण्याचं ॲसिड कुणी सुचवलं तर त्याला हात जोडा, ॲल्युमिनियम ते खाऊन टाकतं. धुतल्यावर पाणी एका नळीतून आत जितकं जातं तितकंच दुसरीतून सहज येत असेल तर कॉइल वाचली. मी बघितलेल्या चोंदलेल्या कॉइलींपैकी बऱ्याच अशाच वाचल्या आहेत.

दोन्ही पाइप गार, इंजिन मात्र गरम: इथे कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाही. काही गाड्यांत हीटरच्या पाइपवर एक कॉक असतो, तो वर्षानुवर्षं बंद राहून गंजतो आणि तिथेच जाम होतो. तो हाताने उघडतो का बघा. कूलंट कमी असेल तरीही असंच होतं, कारण हीटर बराच वर असतो आणि पातळी उतरली की आधी तो कोरडा पडतो. आत हवा अडकली तरी तेच. उभ्या गाडीत हीटर गार आणि ॲक्सिलरेटर दिला की गरम, असं होत असेल तर पातळी, अडकलेली हवा आणि वॉटर पंप, याच क्रमाने बघा.

कूलंट वरचेवर कमी होत असेल तर ते जातं कुठे हे शोधल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. डाव्या सीटपुढचं मॅटिंग उचलून हात लावा. ओलं, चिकट लागलं, केबिनमध्ये गोडसर वास आला, काचेवर आतून तेलकट धुकं बसून ते फडक्याने पुसलं तरी पसरत असेल, तर कॉइल गळते आहे. बाहेर कुठेही गळती नाही, तरी पातळी उतरते आणि हीटर कधी गरम कधी गार होतो, सकाळी गार इंजिनाचे पाइपसुद्धा फुगलेले कडक लागतात, इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात, यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या गॅस्केटवर, संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर असेल तर तीही खूण आहे, फक्त एवढं लक्षात असू द्या की कधीच न तापणाऱ्या इंजिनातही ओलाव्याने तसा थर येतो, आणि तुमचं इंजिन आज त्याच अवस्थेत आहे. म्हणून थर्मोस्टॅट बसवून दोनतीनशे किलोमीटर चालवल्यावर झाकण पुसून पुन्हा बघा. तरीही गॅस्केटचं लक्षण राहिलं तर प्रवास पुढे ढकला. हे मी आईवडील सोबत आहेत म्हणून सांगतो आहे.

आता कूलंट. काझाला साडेतीन हजार मीटरहून जास्त उंची आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिथे रात्री शून्याखाली जातात. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. एका रात्रीत इंजिन जातं. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. उलट बाजूनेही त्याचा उपयोग आहे: त्या उंचीवर उघड्या भांड्यातलं साधं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या अगदी जवळ. इंजिनातलं पाणी तिथे उकळत नाही ते कॅपच्या दाबामुळे आणि कूलंटमुळे. कॅपचं रबर कडक झालं असेल तर नवी घ्या, कॅपवर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्या कॅपशी जुळवून. एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काम करणारा दुसरा भाग गाडीत नाही.

भरण्यातली एक चूक जवळजवळ सगळे करतात. जुनं पाणी काढलं की वाटतं सगळं निघालं. ब्लॉकमध्ये आणि कॉइलमध्ये बरंच राहिलेलं असतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते आणखी पातळ होतं आणि तुम्ही अर्धं-अर्धं समजता ते प्रत्यक्षात तसं नसतं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत एकूण कूलंट किती लिटर लागतं ते बघा, त्याच्या निम्मं न मिसळलेलं घट्ट कूलंट आधी ओता आणि मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. भरल्यावर मोजणीच्या साधनाने गोठणबिंदू बघून घ्या. चांगल्या गॅरेजमध्ये ते असतं आणि दोन थेंबांत आकडा कळतो. हिरवं, लाल, निळं या रंगांवर विश्वास ठेवू नका. रंग कंपनीगणिक वेगळा असतो आणि वेगवेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर कधीकधी गाळ धरतो. जुनं सगळं धुऊन एकाच जातीचं भरा, आणि त्याचंच एक लिटर सोबत ठेवा. काढलेलं कूलंट उघड्या गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड लागतं, कुत्री आणि गुरं पितात आणि मरतात.

हवा काढायला गाडीचं तोंड चढावर करून उभी करा. इंजिन गार, कॅप उघडी, हीटरचा नॉब पूर्ण लालवर. इंजिन सुरू करून वरचा जाड पाइप मधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडायच्या सुमारास पातळी एकदम उतरते, भरा आणि पाइप फार गरम व्हायच्या आत कॅप लावा. गाडी वीसएक किलोमीटर चालवा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी पुन्हा बघा. बहुतेक वेळा थोडी भर घालावी लागते. घाईत सोडलेलं हे सकाळचं काम नंतर हीटर गार पडल्याची तक्रार होऊन परत येतं.

तुमचा ब्लोअर चालतो म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. फक्त सगळ्यात वरच्या वेगावरच चालत असेल आणि खालचे वेग मेले असतील तर त्याचा रेझिस्टर जळला आहे, मोटर बदलू नका. वायपरखालच्या जाळीतून बाहेरची हवा आत येते, तिथे पानं आणि उंदराने आणलेल्या चिंध्या भरलेल्या असतात. ते साफ करा.

‘नाशकात हीटर कशाला?’ याचंही उत्तर द्यायला हवं, कारण ते ऐकून बरेच लोक हीटर मेलेलाच ठेवतात. श्रावणात माळशेज किंवा कसारा घाटात गाडीत पाच माणसं, बाहेर पाऊस, काचा बंद. श्वासाने काच आतून धुकटते. एसी लावला तर आतलं धुकं जातं, पण काच इतकी गार होते की मग बाहेरून धुकटते. अशा वेळी एसी चालू ठेवून नॉब थोडा लालकडे आणि हवा काचेवर वळवायची. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर काच गार पडू देत नाही आणि दोन्ही बाजू स्वच्छ राहतात. हे ज्याने एकदा करून बघितलं तो पुन्हा हीटरला लूप मारू देत नाही. निफाडला डिसेंबरात पारा पाचच्या खाली गेला की पहाटे द्राक्षबागेकडे निघणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे.

प्रवासातल्या दोन गोष्टी बाकी आहेत. गाडीत झोपायची वेळ आली तर इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपू नका. सायलेन्सरला कुठे भोक असेल, मागच्या दाराचं रबर गेलेलं असेल, बर्फाने धुराड्याचं तोंड बुजलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. निघण्यापूर्वी सायलेन्सरचे सांधे आणि मागच्या दाराचं रबर मुद्दाम तपासून घ्या, एवढ्या जुन्या गाडीत दोन्ही झिजलेली सापडतात. दुसरं, हीटर उत्तम झाला तरी हवा पुढच्या दोघांच्या पायाशीच जास्त राहते. आईवडिलांना मागे बसवणार असाल तर घोंगडी लागेल. नाहीतर एकाला पुढे बसवा आणि आळीपाळीने बदला.

हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात करू नका. महिनाभर आधी थर्मोस्टॅट, कॅप, दोन्ही हीटर पाइप आणि क्लॅम्प बदला, कूलंट भरा, कसारा चढा. मग रोजची गाडी चालवत महिना काढा आणि दर आठवड्याला गार इंजिनावर बाटलीची पातळी कुठे आहे ती पेनाने खूण करून ठेवा. चार आठवड्यांनी खुणा एकमेकींवर बसत असतील आणि काटा मध्यावर राहत असेल, तर त्या बोलेरोला शिमल्याच्या रस्त्याला लावायला माझी हरकत नाही.